वगळण्याचे निकष

डंडीत, टे नदीकडे तोंड केलेल्या दवाखान्यात
माझ्या टेबलावर दोन बाटल्या असतात. क आणि ख.
दोन्ही निळ्या, दोन्ही कडू.
एकीत औषध आहे, दुसरीत नुसताच कडूपणा.
कुठली कुठली, ते मला माहीत नाही,
आणि माहीत नसण्याचाच मला पगार मिळतो.

मी मोजते.
हिरडीच्या कडेने बोथट सळई फिरवून
किती जागी रक्त आलं,
किती दातांवर किटण, किती तपकिरी डाग.
सहा महिन्यांनी तेच तोंड, तीच खुर्ची, पुन्हा.

संध्याकाळी इतरांनी मोजलेलं वाचते.
फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा: त्यावर आता कुणी भांडत नाही.
फटींतून फिरवायचा दोरा: थोडा उपयोग असावा,
पण अभ्यास लहान, आणि लोक थापा मारतात
(‘हो, रोज’ म्हणताना सगळे छताकडे बघतात).
चूळ भरायचं औषध: किटण कमी होतं, खरं आहे.
दात काळवंडतात, चहा पत्र्यासारखा लागतो, तेही खरं.
आणि शेवटी दात वाचतात का?
तेवढं थांबायला कुणाकडे पैसे नव्हते.

फेब्रुवारीत इशबेल गेडीज आली,
वय चौऱ्याऐंशी, रेनकोटची बटणं चुकलेली,
हातात आमची जाहिरात, चौघडी घातलेली.
मी फॉर्म काढला. प्रश्न चौथा:
स्वतःचे दात किती? किमान वीस हवेत.
‘एकही नाही,’ ती म्हणाली.
‘कधीपासून?’
‘लग्नाच्या आदल्या शनिवारपासून.’

बापाने दिलेली भेट.
कुणाला घड्याळ मिळायचं, कुणाला पलंग, हिला कवळी.
पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून
एका दुपारी अठ्ठावीस दात काढले,
त्यातले तीन किडके.

‘मी ज्यूटच्या गिरणीत होते,’ ती सांगू लागली
(फॉर्ममध्ये याला जागा नव्हती).
‘मागांचा असा दणका, की बोलायचं ते फक्त ओठांनी.
पलीकडच्या मागावर नेटा मॅकफी.
पाच वर्षं ती मला वाचत होती,
कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळं.
लग्नानंतर परत गेले, तोंड उघडलं,
तर नेटा कानामागे हात धरून विचारते,
काय म्हणतेस?
कानामागे हात! त्या गोंगाटात!
जीभ टेकायची ती भिंतच गेली होती ना.
माझं अक्षर बदललं होतं.’

मी लिहिलं: वगळले. कारण, दात नाहीत.
अहवालात एक चौकोन असतो,
त्यात ती अडतिसावी.

‘मग इतकं मोजून काय सापडलं?’
मी म्हटलं, कदाचित. मध्यम खात्री. आणखी अभ्यास हवा.
ती हसली, कवळी जराशी घसरली,
अंगठ्याने वर ढकलून म्हणाली,
‘आमच्या वेळी सगळ्यांना पक्की खात्री होती.
डॉक्टरला, बापाला, होणाऱ्या सासूला.
तू आपली कदाचित म्हणत राहा, पोरी.’

मग तिने ख बाटली उचलली, हुंगली,
नाक मुरडून जागच्या जागी ठेवली.
ते मी कुठेच नोंदवलं नाही.

बाहेर नदीवरून धुकं चढत होतं.
बसथांब्यावरून, काचेपलीकडून,
ती मला काहीतरी म्हणाली,
आवाज न करता, ओठ मोठेमोठे हलवून,
दोनदा.

मी कानामागे हात धरला.
तिला मान हलवून हसताना पाहिलं,
आणि बस मध्ये आली.